ओल्या साच्याची साक्ष

१

बुधवारी सकाळी सव्वानऊला कचेरीतून फाइलबाईंचा आवाज आला आणि मावशीच्या चिमट्यातला सुळा मेणात वाकडा बसला.

"पासपोर्ट जागेवर नाही," एवढंच बाई म्हणाल्या.

फाइलबाई म्हणजे कार्यशाळेची सगळी कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाई. त्यांच्या कपाटात एखादी वस्तू जागेवर नसणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवण्यातला प्रकार. त्या हळू बोलल्या तरी सगळ्या टेबलांवरचं काम थांबलं.

कार्यशाळा कवळ्यांची आणि कॅपांची. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या तोंडाची मापं पाठवत. इथं त्या मापांत प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढायचा, त्यावर मेणात दात बसवायचे, मग घासूनपुसून, रंगवून, डबीत घालून माल परत पाठवायचा. मावशी तीस वर्षं मेणात दात बसवत होती. केसाएवढा फरकही तिच्या डोळ्याला टोचे. गेल्या वर्षी दोन आजोबांच्या कवळ्यांची अदलाबदल झाली, तेव्हा डबी उघडल्याबरोबर "हे हसणं यांचं नव्हे" असं सांगून तिने दोन घरची जेवणं वाचवली होती. तेव्हापासून काही हरवलं-बिघडलं की पहिली हाक तिला जाई. तिला ते मनातून आवडायचं, पण तसं दाखवायची नाही.

हरवलेला पासपोर्ट रंगारणीचा होता. पांढऱ्या कॅपेवर शेजारच्या खऱ्या दाताची पिवळसर झाक, चहाचा डागसुद्धा हुबेहूब उतरवणारी म्हणून तिचं नाव रंगारीण. पाच वर्षांपूर्वी ती परदेशातून इथं आली, मालकांनी स्पॉन्सर केलेल्या व्हिसावर. मागून नवरा आणि मुलगी आली. मुलगी आता दुसरीत होती. हा व्हिसा येत्या शुक्रवारी संपत होता. त्याआधी कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज द्यायचा होता आणि त्यासाठी शुक्रवारी अकराची वेळ मिळाली होती. सोबत मालकांचं पत्र हवं आणि पाच वर्षांतले सगळे पासपोर्ट हवेत, जुनेसुद्धा, कारण शिक्क्यांवरून व्हिसा कचेरीतले साहेब मोजणार की बाई देशाबाहेर किती दिवस राहिली. जुना पासपोर्ट नाही तर अर्ज नाही. अर्ज नाही तर शुक्रवारनंतर काम नाही, पाच वर्षं पाण्यात, आणि तिघांनी बोचकी बांधायची.

रंगारीण कचेरीच्या दारात उभी होती. हातातल्या ब्रशावरचा रंग वाळून गेला तरी तिला भान नव्हतं.

"मी सोमवारी तुमच्या हातात दिला होता, बाई."

"दिला होतास. काल चारला मी घरी निघाले तेव्हा फाइलीत होता. कपाट लावलं, किल्ली खिळ्याला टांगली."

तो खिळा चहाच्या खोलीत, कॅलेंडरच्या मागे. अतिशय गुप्त जागा, फक्त ती सगळ्यांना ठाऊक होती.

मावशीने ॲप्रनला हात पुसले आणि कपाटात डोकावली. रंगारणीची फाइल उभीच होती. आत प्रमाणपत्रं, फोटो, मालकांचं सही-शिक्क्याचं पत्र, सगळं शिस्तीत. फक्त पासपोर्टाचा प्लास्टिकचा कप्पा रिकामा. ती फाइल परत ठेवणार, तेवढ्यात तिची नजर खालच्या फळीवर गेली.

खालच्या फळीवर वह्यांच्या शेवटी, वह्यांना टेकवून, कुणीतरी प्लास्टरचा एक जबडा ठेवला होता.

२

"हा इथं काय करतोय?" मावशीने विचारलं.

फाइलबाईंनी चष्मा नाकावर चढवला. "मी नाही ठेवला. माझ्या कपाटात जबडे नसतात."

त्या फळीवर हजेरीच्या वह्या होत्या, गेल्या पाच वर्षांच्या, दर वर्षाची एक. सकाळी येताना दाराजवळच्या वहीत आपापल्या नावापुढे सही करायची ही इथली जुनी रीत. वर्ष संपलं की वही कपाटात जाई. बाईंनी पाठांवरून बोट फिरवत मोजल्या आणि बोट अर्ध्यावर थांबलं.

"चारच? परवाच्या वर्षीची कुठाय?"

म्हणजे चोराने दोन वस्तू नेल्या होत्या. वही नेल्यावर उरलेल्या वह्या पडू नयेत म्हणून टेकू देऊन गेला होता. चोर नीटनेटका होता म्हणायचा. मावशीने साचा उचलला आणि गालाला लावला. प्लास्टर वाळलंय की नाही हे बघायची हीच इथली पद्धत. वाळलेलं प्लास्टर गालाला लागत नाही, ओलं गार लागतं. हा साचा गार होता. तिने तो ॲप्रनच्या खिशात टाकला.

"वही गेली हे तूर्त तुमच्या-माझ्यात राहू द्या," ती बाईंना म्हणाली. "आणि मला जरा समजावून सांगा. मी पडले इथलीच, मला या व्हिसाचं ओ की ठो कळत नाही. बाहेर किती दिवस राहिलेलं चालतं?"

"कोणत्याही बारा महिन्यांत दीडशे दिवस. त्याच्या वर गेलं तर पाच वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून." बाई कडकडीत स्वरात बोलत होत्या, पण तो रिकामा कप्पा पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या. "अर्जात स्पॉन्सरच्या नोंदीही विचारतात. म्हणून मी सोमवारी चहाच्या वेळी सगळ्यांसमोरच म्हटलं की बुधवारी शिक्के आणि मस्टर ताडून बघते. माझ्याच निष्काळजीपणाने पोरीचं वाटोळं झालं तर मी कुठल्या तोंडाने इथं बसू?"

तिथून मावशी मालकांकडे गेली. मालक खुर्चीत नव्हते, खिडकीशी फेऱ्या मारत होते.

"माझ्यावर संशय आहे ना? असणारच," ते म्हणाले. "आज ती माझ्या व्हिसावर आहे, म्हणजे दुसरीकडे सहजासहजी जाऊ शकत नाही. परवाना मिळाला की मोकळी. चौकातल्या मोठ्या लॅबवाल्याचा तिच्यावर डोळा आहे, हे मला माहीत आहे."

"मग नेलात का पासपोर्ट?"

मालक थांबले. ते एरवी तापट, पण या वेळी हसू आलं त्यांना. "मावशी, तिला अडवायचं असतं तर पत्रावर सही केलीच नसती. चोरी कशाला करायला हवी?"

हे खरं होतं. दिवसांचं विचारलं तर तेही दीडशेच म्हणाले. स्पॉन्सरचं लायसन घेताना ही सगळी नियमावली त्यांना पाठ करावी लागली होती.

मग नवा. नवा येऊन चार वर्षं झाली होती, तिशी उलटली होती, पण त्याच्यानंतर कुणी आलंच नाही म्हणून तो नवाच राहिला. तोही व्हिसावरच होता, आणि रंगारणीचं खिडकीजवळचं उजेडाचं टेबल त्याला हवं होतं, हे त्याने कधी लपवलं नव्हतं.

"टेबल हवंय, तिचं काम नको," तो म्हणाला. "परवाच्या वर्षी तिचे वडील आजारी होते, तेव्हा सहा आठवडे मी तिच्या कॅपा रंगवल्या. डोळे फुटायची वेळ आली. तीन डॉक्टरांनी माल परत पाठवला होता, आठवतंय? ती गेली तर माझं कसं होणार?"

"बाहेर किती दिवस चालतात रे?"

"दीडशे. माझे एकसष्ट झालेत." त्याने मोबाइल काढून तक्ताच दाखवला, रंगीत रकाने, सुट्टीची प्रत्येक तारीख. "आम्हाला हे झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगू."

शेवटी प्लास्टरकाका. कार्यशाळेच्या मागच्या खोलीत मापांत प्लास्टर ओतणारे, सगळ्यांत आधी येऊन कुलूप उघडणारे. तेही परदेशातूनच आलेले, पण एकतीस वर्षांपूर्वी. मावशीच्या आणि त्यांच्या वयात जेमतेम पाच वर्षांचं अंतर, तरी ती त्यांना काका म्हणे आणि ते तिला मावशी. नात्यांचा हा गुंता सोडवायच्या भानगडीत कुणी पडत नसे. रंगारणीवर त्यांचा फार जीव. ती आली तेव्हा तिला भाड्याचं घर त्यांनीच शोधून दिलं होतं.

आज काका प्लास्टर कालवत होते आणि मान वर करत नव्हते.

"वाईट झालं हो," ते म्हणाले. "पण मालकांचं पत्र आहे ना? पत्र महत्त्वाचं. आमच्या वेळी एका पत्रावर काम होत असे."

मावशीने टेकायला म्हणून मागे हात टाकला, तोच काका दचकले. "अहो, फळीला हात नको. ओले आहेत."

मावशीने हात मागे घेतला. काकांची ती वाळवणीची फळी म्हणजे देवघरच. दोन दिवस साचे तिथं सुकत, आणि तोवर मालकांनीही त्यांना हात लावायचा नाही असा दंडक होता. एकदा नव्याने घाईत एक उचलला, तर काका त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

"काका, बाहेर किती दिवस राहिलेलं चालतं हो?"

"महिना. महिन्याच्या आत परत यावं, मावशी. मी दरवर्षी बहिणीकडे जातो तो एकोणतीस दिवस. अक्का म्हणते अजून दोन दिवस राहा. मी म्हणतो नको, एक दिवस हातात राहू दे."

हे एकोणतीस दिवसांचं सगळ्यांनाच ठाऊक होतं. नवा त्यावरून त्यांची चेष्टाही करायचा. मावशी हसली आणि बाहेर आली, तर समोर मालक उभे.

"चोर सापडला," मालक म्हणाले. "आणि मला तो सापडायला नको होता."

३

मालकांनी कचेरीचं दार लावून घेतलं. आत फाइलबाई होत्या, डोळे लाल झालेले. वही गेल्याचं त्यांच्या पोटात राहिलं नव्हतं.

"साधा विचार करा," मालक म्हणाले. "पासपोर्टात शिक्के. वहीत हजेरी. दोन्ही मिळून काय कळतं? बाई किती दिवस बाहेर होती ते. ते कुणाला लपवायचं असेल? जिचे दिवस आहेत तिलाच. दिवस जास्त भरत असणार, मोजणी होणार म्हटल्यावर तिने दोन्ही गायब केलं. आता रडून म्हणेल पासपोर्ट हरवला."

तर्क चोख होता. वाईट म्हणजे तो तिच्याही मनात डोकावून गेला होता आणि तिने तो हाकलून दिला होता.

"उद्या दुपारपर्यंत छडा लागला नाही, तर मी पत्र मागे घेणार," मालक म्हणाले. "खोट्या अर्जाला माझं पत्र लागलं तर माझं लायसन जाईल. लायसन गेलं की नव्याचाही व्हिसा जाईल. एकीपायी दुसऱ्याचं घर बुडवू का? तुम्हीच सांगा."

मावशी थेट खिडकीजवळच्या टेबलाशी गेली आणि स्टूल ओढून बसली. रंगारीण काम करत होती. हातातली कॅप कधीच रंगवून झाली होती, तरी ती तिच्यावर ब्रश फिरवतच होती.

"एक विचारते, खरं सांग. परवाच्या वर्षी तू किती दिवस बाहेर होतीस?"

"त्रेचाळीस." उत्तर ताबडतोब आलं. "बाबा गेले त्या वेळी. रजेचा अर्ज दिला होता, मालकांची सही आहे, बाईंच्या रजेच्या रजिस्टरात नोंद आहे. त्याशिवाय दरवर्षी दोन-दोन आठवडे. का?"

"म्हणजे दीडशेच्या आसपासही नाही."

"कुठे दीडशे, कुठे त्रेचाळीस. मावशी, शिक्के दाखवायला मी एका पायावर तयार आहे हो. तेच तर गेलेत." मग तिचा आवाज फुटला. "पोरगी काल विचारत होती, पुढच्या वर्षी तिसरीत याच शाळेत असेन ना. मी हो म्हटलं. म्हणायला नको होतं का?"

मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. पण त्याच वेळी डोक्यात काहीतरी चपखल बसत होतं, मेणात दात बसतो तसं.

त्रेचाळीस दिवस नियमात बसत होते. ज्याला नियम ठाऊक त्याला ते लपवायची गरज नव्हती. रंगारणीला ठाऊक होता. बाईंना, मालकांना, नव्याला, सगळ्यांना ठाऊक होता. तर मग त्रेचाळीस या आकड्याची भीती कुणाला वाटली?

मावशीने खिशातला साचा काढून पुन्हा गालाला लावला. तो अजून गारच होता.

४

गुरुवारी सकाळी सातला मावशी हजर झाली. एरवी ती साडेआठशिवाय फिरकत नसे. काका नुकते कुलूप काढत होते. तिला पाहून किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातून सुटला.

"आधी चहा करते," मावशी म्हणाली.

चहा झाला. दोघं मागच्या खोलीत बसली. मावशीने साचा काढून दोघांच्या मधे ठेवला.

"काका, हा मंगळवारी ओतलेला आहे. बुधवारी सकाळी मला बाईंच्या कपाटात मिळाला तेव्हा पुरता ओला होता. ओला साचा तुमच्या फळीवरून उचलायची आमच्यात कुणाची छाती नाही. आणि चोरी करून जाताना, वह्या कलंडतील म्हणून टेकू लावून जाणाराही आमच्यात एकच आहे."

काकांनी साचा हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

"पण तेवढ्यावर मी आले नसते," मावशी म्हणाली. "कुणी म्हणालं असतं, तुमच्या नकळत उचलला. खरं सांगू? मी चौघांना एकच प्रश्न विचारला, मला काही माहीत नाही म्हणून विचारला. तिघं म्हणाले दीडशे दिवस. तुम्ही म्हणालात महिना. पोरीचे त्रेचाळीस दिवस ज्याला जास्त वाटतील असा या इमारतीत एकच माणूस आहे."

"दीडशे?" काका म्हणाले.

"दीडशे. बारा महिन्यांत."

काकांनी पेला खाली ठेवला. मग ते उठले, कोपऱ्यातला प्लास्टरचा रिकामा पिंप उघडला आणि आतून एक पुडकं काढलं. तीन प्लास्टिकच्या पिशव्या, एकीत एक, ओल लागू नये म्हणून प्रत्येकीला गाठ मारलेली. सगळ्यांत आत हजेरीची वही आणि तिच्या पानांत पासपोर्ट.

मावशीने पासपोर्ट हातात घेतला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. शिव्या द्यायचं ठरवून आली होती, त्या आठवेनात.

"मी येऊन चार वर्षं झाली होती," काका सांगू लागले. "आई आजारी पडली म्हणून गेलो. सात आठवडे राहिलो, ती जाईपर्यंत. परत आलो तर साहेबाने मस्टर मागवलं, रिकामे रकाने मोजले आणि म्हणाला, महिन्याच्या वर बाहेर, आता पुन्हा पहिल्यापासून. बायको-मुलाला आणायचं होतं त्या साली. मुलगा पाच वर्षांचा होता, मी आणला तेव्हा दहाचा. मला ओळखेना."

हे मावशीला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. एकोणतीस दिवसांवर आपणही हसलो होतो, ते तिला आठवलं.

"म्हणून ही पोर बापासाठी गेली तेव्हा मी रोज सकाळी माझी सही करायचो आणि मग तिची. रविवार सोडून सदतीस सह्या. वाटलं, रकाने भरलेले दिसले की झालं. शिक्क्यांचा विचारच केला नाही. सोमवारी बाई म्हणाल्या शिक्के आणि मस्टर ताडून बघणार, आणि माझ्या पाचावर धारण बसली. एकीकडे बाहेर, एकीकडे हजर. पोरीला खोटारडी ठरवतील. दोन्ही कागदच नसतील तर ताडणार काय? पत्र तेवढं ठेवलं, म्हटलं पत्रावर काम होईल."

"करायला गेलात गणपती आणि झाला मारुती," मावशी म्हणाली.

"काल तिचा चेहरा बघितला आणि रात्रभर डोळा लागला नाही. आज मी आपणहून..."

"ठाऊक आहे. म्हणूनच मी आधी आले. आपणहून सांगितलंत असंच मी मालकांना सांगणार."

पण वही उघडल्यावर मावशीच्या लक्षात आलं की निम्मंच कोडं सुटलंय. पासपोर्ट हाती होता खरा, आणि शेजारीच त्याला खोटं पाडणाऱ्या सदतीस सह्याही होत्या. शुक्रवारचे अकरा वाजायला सत्तावीस तास उरले होते.

५

मालक आधी भडकले, मग खुर्चीत बसले, मग पुन्हा भडकले. काका मान खाली घालून उभे. रंगारीण त्यांच्या शेजारी उभी होती, आणि तिने त्यांची बाही घट्ट धरून ठेवली होती. रागाने की मायेने, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"वही फाडून टाकू," नवा म्हणाला. "कुणाला कळणार?"

"वा. म्हणजे आगीतून फुफाट्यात," फाइलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पुन्हा कडक झाला होता, पासपोर्ट कप्प्यात परत गेल्यापासून. "ऐका सगळ्यांनी. रजा मी मस्टरवरून मोजत नाही, रजेच्या रजिस्टरावरून मोजते. त्यात त्रेचाळीस दिवस आहेत, मालकांच्या सहीनिशी. शिक्क्यांतही त्रेचाळीस. दोन कागद खरं बोलतात, एक खोटं बोलतो. खोटं बोलणाऱ्या कागदाला लपवायचं नसतं, तो खोटा का आहे ते लिहून द्यायचं असतं. मस्टर मीही कधी उघडून पाहिलं नाही, हा माझा दोष. तोही लिहिते."

"आणि लायसन?" मालक म्हणाले.

"मालक, चूक आपण सांगितली तर ती चूक असते. त्यांनी शोधली तर ती लबाडी ठरते."

मालकांनी दातओठ खात पेन मागितलं. काकांनी स्वतःच्या हाताने एक पान लिहिलं. तीन ओळींत मावेल असं होतं, पण त्यांनी आईपासून सुरुवात केली. बाईंनी एक शब्द खोडला नाही.

शुक्रवारी रंगारीण, तिचा नवरा आणि फाइलबाई अकराच्या वेळेला व्हिसा कचेरीत पोहोचले. इकडे मावशीने सकाळपासून बसवलेले बारा दात उपटून पुन्हा बसवले. मालक दर दहा मिनिटांनी, "फोन आला का?" असं न विचारता चहाच्या खोलीत डोकावून जात. काका मागच्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत.

साडेबाराला फोन आला. मावशीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"अर्ज घेतला," फाइलबाईंचा आवाज. "शिक्के मोजले, दोनदा. त्रेचाळीस. पावती दिली, निकाल लागेपर्यंत काम आणि राहणं चालू."

"आणि वही?" मालकांनी विचारलं.

"काकांचं पान साहेबांनी वाचलं. सगळं वाचलं. मग मला विचारलं, हे गृहस्थ अजून तुमच्याकडे आहेत का? मी म्हटलं, आहेत. म्हणाले, त्यांना सांगा की इतरांच्या सह्या करू नका. पान फाइलीला लावून घेतलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली."

मागून रंगारीण हसत होती की रडत होती ते फोनवरून कळत नव्हतं. मालक भिंतीला टेकले आणि त्यांनी चक्क नव्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मावशी मागच्या खोलीत गेली, तर काका दाराआडच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, काका."

ते वाळवणीच्या फळीला हात टेकून उभे राहिले. दोन ओले साचे खाली पडून फुटले, आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

६

सात आठवड्यांनी रंगारणीचा परवाना आला. ती चौकातल्या लॅबमध्ये गेली नाही. मालकांनी उजेडासाठी दुसरी खिडकी काढून दिली आणि नव्यालाही उजेडाचं टेबल मिळालं. मुलगी तिसरीत त्याच शाळेत गेली.

त्याच सुमारास काकांनी दरवर्षीप्रमाणे रजेचा अर्ज दिला. फाइलबाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि मावशीला हाक मारली. अर्जावर लिहिलं होतं, एकोणतीस दिवस.

"काका," मावशी म्हणाली, "तुमचा कायमचा परवाना होऊन किती वर्षं झाली?"

"बावीस."

"मग हे एकोणतीस कशाला?"

"नियमच आहे तो. म्हणजे, दीडशे झालाय म्हणा आता. पण आपण कशाला..."

दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखे ते ताकही फुंकून पीत होते. मावशीने त्यांना खुर्चीत बसवलं. फाइलबाईंनी नियमावली काढली आणि बोट ठेवून एक ओळ वाचून दाखवली. मग काकांच्या चेहऱ्यावर काही उमटेना म्हणून साध्या भाषेत सांगितलं.

"काका, तो नियम परवाना मिळेपर्यंतचा. मिळाल्यावर काही महिन्यांचं कुणी विचारत नाही. बावीस वर्षं तुमचे दिवस कुणीच मोजत नाहीये. तुम्ही एकटेच मोजताय."

काकांनी ती ओळ स्वतः वाचली. ओठ हलवत, दोनदा. बावीस वर्षं दर खेपेला अक्का दारापर्यंत यायची आणि अजून दोन दिवस म्हणायची, आणि ते नाही म्हणायचे. आता तिला पंचाऐंशीवं लागलं होतं.

त्यांनी अर्ज मागे घेतला, एकोणतीसवर रेघ मारली आणि पेन हातात धरून थांबले. आकडा किती लिहायचा हेच त्यांना सुचेना. शेवटी शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या रंगारणीने त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, साठ.

मालकांनी सही करताना नाक मुरडलं. साठ दिवस प्लास्टर कोण ओतणार, असं ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच काकांकडून शिकायला बसले. पहिला साचा असा निघाला की तो जबडा आहे की बशी, यावर पैज लागली.

काका गेले. रोज सकाळी मावशी लवकर येऊन कुलूप उघडी आणि दाराजवळच्या वहीत सही करी. काकांच्या नावापुढचा रकाना मोकळा असे. सही करून रंगारीण तो रकाना एकदा बघे, पेन ठेवी आणि आपल्या टेबलाकडे जाई. महिनाअखेरीस बाईंनी पान उलटलं. पुढच्या पानावरही काकांची ओळ कोरीच राहिली, अगदी शेवटपर्यंत, आणि तिथं कुणीही सही केली नाही.